समुद्रकाठचे घर आणि पायाखालची जमीन

ज्या शहरापासून समुद्र घाटापलीकडे, चार जिल्हे ओलांडून आहे, त्या शहराच्या वसंत व्याख्यानमालेत समुद्रकाठच्या उपनगरांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो.

चिकलठाणा आणि वाळूज येथील कारखान्यांत ज्यांनी तरुणपणी पाऊल टाकले, ती कामगारांची पिढी आज निवृत्त झाली आहे. त्यांची मुले नोकरीसाठी मुंबईच्या बाजूला गेली. ऐरोली, पनवेल, नालासोपारा, विरार ही नावे आज आमच्या शहरातील घराघरांत ऐकू येतात. मुलाला तेथे घर घ्यायचे असते आणि बापाचा भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी त्यात पडते. आम्ही कामगारांच्या चळवळीत काम करणारी माणसे. असा निवृत्त सोबती कागदांची पिशवी घेऊन सल्ल्याला येतो, तेव्हा त्याला हप्ता किती हे बिनचूक ठाऊक असते, स्टेशन किती मिनिटांवर आहे तेही ठाऊक असते. परंतु ही जमीन पन्नास वर्षांपूर्वी काय होती, असे विचारले तर तो गप्प होतो. तीस-पस्तीस वर्षांच्या घामाची कमाई ज्या जमिनीवर ठेवायची, तिची चौकशी करणे हा काही पंडितांचा छंद नव्हे.

दुसरे प्रयोजन असे की, नव्या मुंबईचे शहर ज्या सिडकोने वसवले, त्याच सिडकोने १९७२ नंतर आमचे 'नवे औरंगाबाद' वसवले. एकाच कुळातली ही दोन शहरे आहेत. तेव्हा समुद्रकाठच्या भावंडाचा इतिहास आपल्यालाही परका नाही.

मुंबईची जमीन हीच मुळात माणसाने समुद्राकडून घेतलेली वस्तू आहे. १६६१ सालच्या विवाहकरारात पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला आंदण दिली आणि राजाने ती १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकली. त्या वेळी तेथे सात बेटे होती आणि त्यांच्यामध्ये भरतीचे पाणी खेळत असे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत शिरे तो थेट भायखळ्याच्या सखल भागापर्यंत जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत तेथे बांध घातला गेला. समुद्र बाहेर राहिला आणि आतली जमीन कोरडी झाली. पण कोरडी झाली म्हणून ती उंच झाली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या सखल जमिनीवर पुढे काय उभे राहिले? परळ, लालबाग, वरळीच्या गिरण्या आणि त्यांच्या भोवतीच्या चाळी. मलबार हिलची टेकडी साहेबाला आणि शेठजीला गेली. जेथे एके काळी भरतीचे पाणी चढत असे, तो भाग गिरणी कामगाराच्या वाट्याला आला. आजही मोठा पाऊस पडला की दादर-परळच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबल्याची बातमी येते. लोक म्हणतात, महापालिका नालायक आहे. महापालिकेचा दोष असेल तो असो. परंतु तेथील जमीन दोन शतकांपूर्वीचीच वागणूक करीत आहे. घराची किंमत जमिनीच्या उंचीप्रमाणे ठरते आणि खालची जमीन नेहमी खालच्या माणसाला मिळते, हा नियम त्या शहराच्या पायातच घातला गेला.

मुंबई बेटाच्या उत्तरेला साष्टी बेट. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती व लोक होडीने ये-जा करीत. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये तेथे पूलरस्ता झाला. पुढे १८६७ मध्ये विरारपासून मुंबईपर्यंत आगगाडी धावू लागली. १८९६ मध्ये प्लेगाची साथ आली; कोंदट चाळींतून माणसे मरू लागली, तेव्हा शहर मोकळे केले पाहिजे याची सरकारला जाग आली. १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. उपनगर या कल्पनेचा जन्म असा भीतीतून झाला. ज्याला परवडेल त्याने गर्दीपासून दूर, समुद्राच्या वाऱ्यावर राहावे.

याच काळात एक चांगली गोष्टही घडली. गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. रावबहादूर श्रीपाद सुबराव तालमकी हे त्या कार्याचे धुरीण. १९१८ मध्ये वांद्र्याला साल्सेट कॅथॉलिक संस्था निघाली. घर हा एकट्याने करायचा व्यवहार नव्हे, दहा-वीस कुटुंबांनी मिळून जमीन घ्यावी, नकाशा स्वतः तपासावा, हिशेब स्वतः ठेवावा, हा धडा त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिला. बिल्डर हा मध्यस्थ नंतर आला.

समुद्र हटवून जमीन करण्याचा हव्यास किती महाग पडतो, याचे उदाहरण म्हणजे १९२० नंतरची बॅकबेची योजना. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या सरकारने ११४५ एकर जमीन समुद्रातून काढण्याचा बेत केला. समुद्राच्या तळाचा गाळ उपसून भिंतीच्या आत टाकायचा, तर तो गाळ भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगला. बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी या कारभाराचे वाभाडे काढले. त्यांच्यावर हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने बदनामीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. अखेर सुमारे ४४० एकर जमिनीवर काम आटोपते घ्यावे लागले. पैसा जनतेचा बुडाला आणि जमिनीची शोभा मात्र मरीन ड्राइव्हच्या वाट्याला आली.

स्वातंत्र्यानंतर १९५० आणि १९५७ मध्ये मुंबईची हद्द वाढली, दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. उंचवट्यावरच्या जागा संपल्या तेव्हा बांधकाम खाजणाकडे वळले. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी, तिवरांची जमीन. अंधेरी पश्चिमेचे लोखंडवाला संकुल अशाच दलदलीवर भर घालून उभे राहिले; वांद्रे-कुर्ला संकुलही मिठी नदीकाठच्या दलदलीवर झाले. खारफुटीच्या झाडाला बाजारात किंमत नसते, म्हणून ती निरुपयोगी ठरली. कोळ्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते की, तिवरे लाट मोडतात, गाळ धरतात आणि मासळीची पिले वाढवतात. परंतु नकाशा काढणाऱ्याने कोळ्याला विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

आता नव्या मुंबईकडे येऊ. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्याचे ठरले. ही गावे आगरी आणि कोळी लोकांची. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हा त्यांचा संसार. मोबदला तुटपुंजा, म्हणून शेतकरी लढ्याला उभे राहिले. दि. बा. पाटील त्यांचे नेते. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच माणसे मेली. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले, त्याच्या मागे हे रक्त आहे. आज तेथे सदनिका घेणाऱ्याने एवढे तरी जाणावे की, आपल्या दिवाणखान्याखाली कुणाचे तरी भाताचे खाचर होते आणि त्याने ते हसत दिलेले नाही.

त्या शहराच्या रचनेत मात्र एक शहाणपण होते. वाशी-नेरूळकडील बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. हॉलंड देशात समुद्रसपाटीखालच्या जमिनी बांध आणि दारे घालून राखतात, तसाच उपाय येथे केला गेला. पावसाचे पाणी साठवण्यासाठी मोठी धारण तळी खोदली आणि त्यांच्या तोंडाला झडपा बसवल्या. भरतीला झडप बंद, पाणी तळ्यात. ओहोटीला झडप उघडी, पाणी खाडीत. या तळ्यांत पुढे गाळ भरला, त्यात तिवरे उगवली आणि तिवरे तोडण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे गाळ काढणे अडले. म्हणजे ज्या यंत्रणेवर शहर कोरडे राहते, ती यंत्रणा जाहिरातीत कधी दिसत नाही. जाहिरातीत त्याच तळ्याला 'सरोवराचे दर्शन' म्हणतात आणि त्याचे चौरस फुटाला जादा पैसे घेतात!

भरती म्हणजे काय, हे आम्हां पठारावरच्या लोकांना नीट कळत नाही. मुंबईला समुद्र दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो. पावसाळ्यातल्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. शहराच्या गटारांची तोंडे बहुतेक त्या पातळीच्या खाली आहेत. भरती असताना गटाराचे पाणी समुद्र घेत नाही. घेत नाही एवढेच नव्हे, उलट परत पाठवतो. त्याच वेळी मोठा पाऊस आला तर पाणी रस्त्यावर उभे राहते. २६ जुलै २००५ रोजी हेच झाले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला अवघा ७३ मिलिमीटर. दुपारची भरती होती आणि मिठी नदीचे पात्र विमानतळ, कारखाने व भराव यांनी आवळलेले होते. राज्यात त्या अतिवृष्टीत सुमारे एक हजार माणसे गेली. पाण्याने त्या दिवशी नवे काही केले नाही. आपली जुनी वाट शोधली, आणि त्या वाटेवर घरे होती.

समुद्र पुढेही स्वस्थ बसणार नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरने वाढली, असे जगभरच्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने नोंदवले आहे, आणि वाढीचा वेग चढता आहे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईच्या जवळून गेले. घराचे कर्ज वीस वर्षांचे असते. घर मात्र मुला-नातवंडांना द्यायचे असते. म्हणून हिशेब हप्त्यांच्या वर्षांवर थांबवता येत नाही.

दुसरा शत्रू पाण्याहून गुपचूप काम करतो, तो म्हणजे खारा वारा. सिमेंट काँक्रीटच्या आत लोखंडी सळई असते. हवेतले मीठ सूक्ष्म छिद्रांतून आत जाते, सळईपर्यंत पोहोचते आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. तो फुगला की काँक्रीटला तडा जातो आणि छताचे ढलपे पडू लागतात. म्हणून सळईवर काँक्रीटचे पांघरूण किती जाड आहे, याला महत्त्व आहे. आय.एस. ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत सौम्य हवेसाठी २० मिलिमीटर पांघरूण पुरे मानले आहे. किनाऱ्याच्या हवेसाठी ४५ आणि समुद्राचा फवारा लागणाऱ्या जागी ५० मिलिमीटर सांगितले आहे. या पंचवीस-तीस मिलिमीटरांत घराचे आयुष्य आहे. सेंट्रिंगवर काम करणाऱ्या आमच्या मजुराला सळईखाली ठेवायचे ठोकळे नीट दिले आणि घाई केली नाही, तर हे पांघरूण मिळते. ठेकेदाराने घाई केली तर मिळत नाही. खरेदीदार फरशी पाहतो, नळाची तोटी पाहतो. ठोकळा त्याला कधीच दिसत नाही. वाशीत सिडकोनेच बांधलेल्या काही इमारती दोन-तीन दशकांत मोडकळीला आल्या आणि माणसांच्या अंगावर छत कोसळू लागले, हा इतिहास जुना नाही. जुनी सदनिका घेताना इमारतीच्या बांधकामाची तपासणी झाली आहे काय, हे सोसायटीकडे विचारावे. तीस वर्षांवरील इमारतीला अशी तपासणी मुंबईत कायद्याने बंधनकारक आहे.

आता कायद्याचा इतिहास थोडक्यात. १९५० नंतर सदनिका विकत देण्याचा धंदा वाढला, तशी फसवणूकही वाढली. सरकारने १९६० मध्ये समिती नेमली आणि १९६३ मध्ये मालकी सदनिकांचा कायदा झाला. जमिनीचा हक्क दाखवावा, करार नोंदवल्याशिवाय वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, सोसायटी स्थापन करावी आणि तिच्या नावे जमीन व इमारत करून द्यावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. परंतु कायदा पुस्तकात राहिला. इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला गेले, आणि जमीन मात्र बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहिली. म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. म्हणजे बिल्डर सही करीत नसेल तर सरकारी अधिकारी सोसायटीच्या नावे जमीन करून देईल. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला लोक 'रेरा' म्हणतात, तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याने नोंदणी सक्तीची केली, करारापूर्वी घ्यायची रक्कम दहा टक्क्यांवर आणली, खरेदीदारांच्या पैशांतील सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्यास सांगितले आणि बांधकामातील दोषाची पाच वर्षे जबाबदारी घातली.

किनाऱ्याला आणखी एक कायदा लागतो. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. २०११ व २०१९ मध्ये ती नव्याने काढली गेली. भरतीच्या रेषेपासून ठरावीक अंतरात काय बांधता येते, काय येत नाही, हे त्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ व २०१८ मध्ये खारफुटीला आणि तिच्याभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्याला संरक्षण दिले. ज्या इमारतीची परवानगी या रेषांमध्ये अडकते, तिचे गिऱ्हाईकही अडकते.

परवानगी नसली की काय होते, याची दोन उदाहरणे देतो. एक श्रीमंत वस्तीतले, एक गरीब वस्तीतले. वरळीच्या कँपा कोला आवारात १९८० च्या दशकात पाच मजल्यांच्या परवानगीवर इमारती उठल्या, त्यांतली एक वीस मजल्यांपर्यंत गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले. नालासोपारा पूर्वेला महापालिकेच्या आराखड्यात सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. २०२४-२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या. तेथे शेकडो कामकरी कुटुंबे होती आणि त्यांनी पैसे रोख मोजलेले होते. दोन्ही ठिकाणी इमारत बांधणारा पैसे घेऊन गेला होता. कोर्टाच्या पायरीवर उभा राहिला तो राहणारा माणूस.

तेव्हा समुद्रकाठी घर घेणाऱ्याने पुढील प्रश्न विचारावेत. जमिनीच्या जुन्या सातबाऱ्यावर आणि गावनकाशावर काय लिहिले आहे. खाजण, मिठागर, खारजमीन की वरकस? विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण आहे काय? भरतीची रेषा कोठून जाते? इमारतीचे गटार कोठे जाऊन मिळते, आणि २००५ च्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते? हा शेवटचा प्रश्न एजंटाला विचारू नये. समोरच्या किराणा दुकानदाराला आणि जवळच्या कोळीवाड्यातील म्हाताऱ्याला विचारावा. मंजूर नकाशात मजले किती? भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय? ते नसेल तर नळाचे पाणी अडते आणि टँकर कायमचा मागे लागतो. जमीन सोसायटीच्या नावावर आहे, की सिडकोच्या भाडेपट्ट्यावर? भाडेपट्टा असेल तर त्याची किती वर्षे उरली, आणि हस्तांतराचे शुल्क कोण भरणार?

हे सारे प्रश्न आमच्या शहरालाही लागू आहेत, हे सुज्ञ श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी ही राजधानी केली, तेव्हा त्याने उत्तरेच्या डोंगरातले पाणी भूमिगत नहरीने उताराउताराने शहरात आणले. त्याने पाण्याचा विचार वस्तीबरोबरच केला. खाम नदीवर जुन्या शहराचे दरवाजे आणि पूल आहेत. नदीला वाट ठेवून मगच ते बांधले गेले. आणि आम्ही? खाम व सुखना यांच्या पात्रांकडे भराव सरकवत नेले. शेतजमिनीचे गुंठे पाडून ते बाँडपेपरवर विकले व घेतले. त्या व्यवहारांना आवर घालण्यासाठी व घरे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत पुन्हा वाढवावी लागली. जायकवाडीसारखे धरण १९७६ पासून उशाशी असताना या शहराने नळाच्या पाण्यासाठी चार-चार, आठ-आठ दिवस वाट पाहिलेली आहे. समुद्रकाठी पाणी नको तेव्हा घरात येते. आमच्याकडे हवे तेव्हा येत नाही. दोन्हीकडे कारण एकच: पाण्याला न विचारता प्लॉट पाडले गेले.

कामगार एकटा मालकापुढे उभा राहिला की त्याला जो करार मिळतो, तसाच करार एकट्या खरेदीदाराला बिल्डरपुढे मिळतो. छापील अर्ज, बारीक अक्षरे, आणि खाली सही. याला उपाय गावदेवीच्या लोकांनी १९१५ मध्ये दाखवला आहे. एका इमारतीत घर घेऊ पाहणाऱ्या दहा जणांनी पैसे भरण्यापूर्वी एकत्र बसावे, वर्गणी काढून एक वकील आणि एक अभियंता नेमावा, तलाठी कार्यालयात व महापालिकेच्या नगररचना विभागात दोन दिवस घालवावेत. दहा कुटुंबांत वाटला तर हा खर्च प्रत्येकाला महिन्याच्या एका हप्त्याहून फारसा जड जाणार नाही.

घर घेऊ नका, असे आम्ही कोणाला सांगत नाही. मुले जेथे पोट भरतील तेथे राहणारच, आणि समुद्राचा वारा गोड असतो हेही खरे. पण पुढच्या वेळी मुलाचा फोन आला की, "बाबा, फ्लॅट पसंत पडला, बयाणा भरायचा आहे," तर पैशांची सोय सांगण्याआधी त्याला एवढेच विचारावे, "तेथे पूर्वी काय होते रे?" उत्तर कागदावर मिळेपर्यंत बयाणा थांबला तरी चालेल.